पाच नंबरचं पाऊल

बायकांचा बूट कुठं चावतो हे सांगायचा मला पगार मिळायचा. हसायचं असेल तर हसून घ्या, माझी सासूही हसली होती. म्हणाली, "आम्ही जन्मभर फुकट सांगत आलो, कोणी ऐकलं नाही." पण खरं सांगते, सव्वीस वर्षं आमच्या कारखान्यातून बायकांचा जो जो बूट बाहेर पडला तो आधी माझ्या पायात गेला. मी त्यात चालले, मान डोलावली, मगच तो पुढं सरकला. मी नाही म्हटलं तर तो पुढं पाठवायची खुद्द मालकाची टाप नव्हती.

त्याआधी मी शिलाईत होते. मोठा हॉल, दोन रांगा, सगळ्या बायका उभ्यानं मशीन चालवायच्या. एके दिवशी फर्मेवाले मास्तर खाली आले. फर्मा म्हणजे लाकडाचं पाऊल. त्यावर कातडं ओढून बूट बसवतात, त्यामुळं फर्मा जसा तसा बूट. मास्तरांनी स्वतःच्या हातानं कोरलेला पाच नंबरचा फर्मा हा आमच्या कारखान्याचा मूळपुरुष. त्याच्यावरूनच चार, सहा, सात, सगळे नंबर निघायचे. त्या लाकडाशी जुळणारं जिवंत पाऊल मास्तरांना हवं होतं. आम्हा चाळीस जणींना त्यांनी पायातलं काढायला लावलं आणि एकेकीला कागदावर उभं करून पेन्सिल फिरवली. हॉलच्या सगळ्या खिडक्या उघडायला लागल्या होत्या त्या दिवशी, एवढंच सांगते. माझी दोन्ही पावलं फर्म्याशी केसाच्याही फरकाशिवाय जुळली. डावं उजवं सारखं असणं फार दुर्मिळ, मास्तर म्हणाले. लग्नात माझ्या रूपाचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी पाचनंबर झाले. माझं खरं नाव पगारपत्रकात होतं, बाकी कारखानाभर पाचनंबर. नमुन्याच्या खोलीत मला गादीची खुर्ची मिळाली. खोलीबाहेरच्या बोळात अर्ध्यात सिमेंट, अर्ध्यात लाकडी फळ्या आणि शेवटी पाच पायऱ्यांचा जिना, वरती काहीच नसलेला. तो माझ्यासाठीच बांधला होता. मी नवा बूट घालून त्या बोळात चाळीस फेऱ्या मारायच्या आणि सांगायचं, करंगळीला लागतो, टाच सुटते, शिवण टोचते. मास्तर कानस घेऊन बसायचे, मी सांगेन तिथं फर्मा घासायचे, नाहीतर कातड्याची पातळ चकती चिकटवून भरायचे. शिलाईतल्या बायका म्हणायच्या, ही बाई नुसते पाय हलवून खाते. म्हणू देत. मला त्या जागेचा गर्व होता आणि मी तो लपवत नव्हते.

आमच्याकडं पाय मोजायची मापपट्टीही होती, लोखंडी, सरकत्या चिमट्याची. पण ती नवी आली की आधी माझा पाय तिच्यावर ठेवायचे. पाच दाखवलं तर पट्टी बरोबर, नाही दाखवलं तर पट्टी परत. एकदा मास्तरांनी अशा दोन पट्ट्या परत पाठवल्या. एकदा पट्टी पास झाली की माझा पाय पुन्हा तिच्यावर ठेवायची गरज कोणाला वाटली नाही. मलाही नाही. मास्तर म्हणायचे, "लाकूड हवेनं फुगतं. हात वयानं चुकतो. विशीनंतर पाऊल तेवढं जागच्या जागी राहतं." आयुष्यभर बायकांचे बूट केलेला माणूस हे म्हणत होता आणि मी बाई असून मान डोलवत होते.

पन्नाशी उलटली आणि माझी पाळी गेली. मला वाटलं, सुटले एकदाची. कसली सुटका. बसल्या जागी घाम फुटायचा, कानशिलं तापायची, कोणी साधं "काय चाललंय" विचारलं तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, माझी खरोखरीच तळपायात सुरू व्हायची. झोपताना पाय पांघरुणाबाहेर. टाचांना अशा भेगा पडल्या की मोज्याचे धागे त्यात अडकायचे. आणि सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. दहा-बारा पावलं भिंतीला धरून गेले की जरा ओसरायचं. आमचे हे म्हणायचे, "तुझे पाय कारखान्याला आणि कुरकुर मला. वाटणी बरी नाही." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

कारखान्यात मी यातलं अक्षर काढलं नाही. कोणाला सांगणार? मास्तरांना? की माझी पाळी गेली आणि टाच दुखते? जीभ झडली असती माझी.

त्या सुमारास मोठं काम आलं. दवाखान्यातल्या परिचारिकांसाठी बूट, चार हजार जोड, पांढरे, मऊ, दिवसभर उभं राहता येईल असे. मास्तरांनी पहिला नमुना केला, मी घातला आणि पहिल्याच फेरीत अंगठा पुढं टेकला. चवड्यावर कातडं आवळत होतं. म्हटलं, मास्तर, घट्ट आहे. त्यांनी फर्मा बघितला, पट्टी लावली. "मी तर पाचच धरलाय." तरी त्यांनी चकती चढवली. दुसरा नमुना. तो पण घट्ट. पुन्हा चकती, पट्टीपेक्षा माझ्या पायावर त्यांचा भरवसा. तिसरा, चौथा. असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला आमचं जमायचंच. मास्तरांनी चष्म्याचा नंबर तपासून आणला. मग नवा चष्मा आणला. दिव्याचा बल्ब मोठा लावला. एकदा मी पाणी प्यायला उठले तर ते स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघत होते. मी आल्याचं कळल्यावर त्यांनी कानस उचलली. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं, पण मी पाणी प्यायले आणि खुर्चीत बसले.

शेवटी लेकीनं मला डॉक्टरीणबाईंकडं ओढत नेलं. मी म्हटलं, टाच दुखते त्यात एवढं काय. बाईंनी पाय बघितले, टाचेत अंगठा असा दाबला की मी टेबलावरून उठून बसले. मग उभं करून मागून बघितलं. मग विचारलं, पाळी कधी गेली?

"टाचेचा आणि त्याचा काय संबंध?" मी फणकारले.

"बराच आहे," त्या म्हणाल्या. पाळी जाते तेव्हा अंगातला एक रस आटतो. तो तळपायाच्या नसा, दोऱ्या, कातडी लवचिक ठेवायला मदत करत असतो. तो आटला की दोऱ्या ताठर होतात, ओढल्या जातात. टाचेखाली चरबीची गादी असते, ती विरत जाते. कातडी कोरडी पडते, चिरते. हाडंही जपायला हवीत. सगळ्याच बायकांचं एवढं होतं असं नाही, काही वयाचं असतं, काही चालण्याचं. "तुमच्या पायाची कमान बसली आहे," त्या म्हणाल्या. "कमान बसली की पाऊल पसरतं. लांबही होतं. बूट घट्ट होत असतील ना अलीकडं? एक नंबर वाढवून घ्या."

लेक हसली. तिला वाटलं मीही हसेन.

"परत जागेवर येईल का?" मी विचारलं.

"दुखणं कमी करता येईल. व्यायाम देते, टाचेखाली घालायला गादी देते. फार वेळ उभं राहू नका. पण पसरलेलं पाऊल पुन्हा आवळत नाही हो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बाहेर गेले तेव्हा मी नमुन्याच्या खोलीचं दार लोटून घेतलं, मापपट्टी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर पाय ठेवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी माझं माप घेत होते. डावं साडेपाच ओलांडून गेलं होतं. उजवं साडेपाचाला टेकलं होतं. दोन्ही सारखीसुद्धा राहिली नव्हती. मी पाय काढला, पुसला, पुन्हा ठेवला. जणू पुसल्यानं आटणार होता.

म्हणजे मास्तरांचा पहिला नमुना बरोबर होता. त्यांचा हात बरोबर होता, डोळे बरोबर होते. चूक माझ्या पायात होती आणि तो माणूस स्वतःचा हात उलटासुलटा करून बघत होता.

सोमवारी सांगायचं ठरवलं. रविवारभर आरशासमोर वाक्य जुळवलं. मास्तर, माझं पाऊल वाढलंय. सहज म्हटल्यासारखं म्हणायचं, मग पुढचं पुढं. पण पुढं काय होणार ते मला माहीत होतं. पाचनंबरचं पाऊल पाच राहिलं नाही, तर पाचनंबरचा उपयोग काय? गादीची खुर्ची जाणार आणि मी परत शिलाईत, रोज आठ तास सिमेंटवर उभी. पहिली दहा पावलं भिंत धरून चालणारी बाई आठ तास कशी उभी राहील? आणि तेवढंच नव्हतं, खोटं कशाला बोलू. त्या कारखान्यात मी कोणीतरी होते. घरी मी आई होते, बायको होते, सून होते, तशा तर सगळ्याच असतात. पाचनंबर मी एकटी होते.

सोमवारी गेले तर मास्तर दारातच उभे. हातात पाचवा नमुना. दाढी गुळगुळीत, कपडे इस्त्रीचे, रोजच्यासारखे. पण चेहरा असा की निकाल लागायच्या दिवशी पोरं शाळेच्या फाटकात उभी असतात तसा. "आज नाही बसला तर मी काम सोडतो," ते म्हणाले. थट्टेनं म्हणाले, पण थट्टा नव्हती.

मी बूट घातला. आणि काय सांगू, आठ महिन्यांत पहिल्यांदा माझा पाय दुखला नाही. अंगठ्याला जागा होती, चवडा मोकळा होता, टाच कातड्यात अलगद बसली होती. मी बोळात गेले. सिमेंट, फळ्या, जिना. चाळीस फेऱ्या झाल्या, मी आणखी दहा मारल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून मारल्या.

"बसला?" मास्तरांनी विचारलं.

"बसला."

"पक्कं ना? आज कापणीचे साचे करायला टाकतायत. एकदा गेलं की गेलं."

त्या क्षणी सांगता आलं असतं. वाक्य तयार होतं. मी म्हटलं, "पक्कं," आणि रिवाजाप्रमाणं तळावर खडूनं माझी खूण केली. मास्तर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं संपलं माझं." मी त्यांना चहा आणून दिला. एवढी उपकाराची बाई मी.

तीन महिन्यांनी जोड परत यायला लागले. खोक्यांवर खोकी. पाच नंबरवरून काढलेले सगळेच नंबर सैल होते. टाच सुटत होती, फोड येत होते. एक परिचारिका जिन्यात बुटातून पाय निसटून पडली, तिचं मनगट मोडलं. ते पत्र मालकांनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात शेवटी असंही होतं की चार हजारांपैकी तीनशेच्या आसपास जोड परत येणार नाहीत, कारण काही ज्येष्ठ बायका ते द्यायला तयार नाहीत, त्यांच्या मते इतका सुखाचा बूट त्यांनी कधी घातला नव्हता. मालक म्हणाले, "त्यांना काय कळतंय." मला बरोबर कळलं त्या कोण ते. मी मान खाली घातली.

ऑफिसात आम्ही चौघं होतो. मालक, मॅनेजर, मास्तर आणि मी. टेबलावर परत आलेला बूट आणि शेजारी तो फर्मा. मॅनेजरनं फर्म्याला पट्टी लावली. "मास्तर, हा पाच आहे?"

मास्तरांनी फर्मा हातात घेतला, फिरवला. "नाही," ते म्हणाले. "पाच नाही हा."

"मग बाईंनी पास कसा केला?" मॅनेजर माझ्याकडं वळला. "तुम्हाला सैल लागला नाही?"

माझ्या कपाळावर घाम आला. तो ह्या प्रश्नाचा की माझ्या वयाचा, देव जाणे. "तेव्हा... बरोबर वाटला," मी म्हटलं.

"तिला विचारू नका," मास्तर म्हणाले. "तिनं पास केला तो नमुना बरोबरच असणार. त्यानंतर मी फर्मा गुळगुळीत केला होता, चकत्या बसवल्या होत्या. तेव्हा चुकला असेल. तिचं पाऊल चुकत नाही. गेले आठ-दहा महिने माझा हातच ठिकाणावर नाही, मला माहीत होतं, मी लपवलं." आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं, माफी मागितल्यासारखं. मला तिथं बसवत नव्हतं, पण मी बसले. तोंडात बोळा कोंबल्यासारखी बसले. मला वाचवायला ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, मी निदान त्यांच्या उपकारात राहिले असते. ते खरं समजून बोलत होते.

त्याच आठवड्यात मास्तर कारखान्यातून गेले. अवजारांची पेटी टेबलावरच ठेवून गेले. म्हणाले, पुढच्याला लागेल. सदतीस वर्षांची नोकरी होती, निरोपाला दोन भाषणं झाली, त्यातलं एक मालकांचं आणि त्यात मास्तरांपेक्षा दर्जाबद्दल जास्त होतं.

बारा दिवस मी काढले. कसे ते विचारू नका. तेराव्या दिवशी मालकांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. मॅनेजरही होता. म्हटलं, "साहेब, फर्मा नाही चुकला. माझं पाऊल वाढलंय."

"पाऊल कसं वाढेल?" मालक हसले. "तुम्ही काय शाळेत आहात?"

"माझी पाळी गेली आहे," मी म्हटलं. "त्यानं वाढतं. डॉक्टरांनी सांगितलंय. कमान बसते, पाऊल पसरतं."

मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मॅनेजर खिशातलं पेन शोधायला लागला, ते त्याच्या हातातच होतं. आख्खा कारखाना बायकांच्या पायांवर चालतो, पण बाईच्या अंगातलं काही बोललं की ह्यांना घाम फुटतो. मी थांबले नाही. म्हटलं, ते तीनशे जोड कोणी ठेवून घेतले ते विचारा. माझ्या वयाच्या बायकांनी. त्यांना तसाच बूट हवाय. मी मापपट्टी बरोबर घेऊनच गेले होते, तिथंच पाय ठेवून दाखवला.

मालकांनी बघितलं. मूर्ख नव्हते ते. मग म्हणाले, "बाई, पत्र गेलंय. चूक फर्म्याची होती आणि फर्मेवाला काढला, असं लिहिलंय. आता मी काय लिहू, आमच्या बाईंची पाळी गेली? आणि पाऊल चुकीचं म्हटलं तर गेल्या दोन वर्षांचा सगळा माल संशयात येतो. ते मला परवडणार नाही."

"पण मास्तर..."

"मास्तरांचं वय झालंच होतं." ते उठले. "आता फर्मे बाहेरून येणार आहेत, यंत्रावर केलेले. तुम्ही खुर्चीत बसा, खडूची खूण करत जा, गिऱ्हाईकाला ती बघायची सवय आहे. नाहीतर उद्यापासून शिलाईत उभ्या राहा. कसं करता?"

मी पट्टी उचलली आणि नमुन्याच्या खोलीत येऊन खुर्चीत बसले. हे मी करून दाखवलं. सत्य सांगायला गेले आणि खुर्ची घेऊन परत आले.

तरी म्हटलं, मालक गेला उडत. ज्याला सांगायला हवं त्याला सांगते. रविवारी मास्तरांच्या घरी गेले. तिसरा मजला, जिना चढताना प्रत्येक पायरीला टाच बोलत होती. मास्तरीणबाईंनी दार उघडलं. मला बघून त्यांना बरं वाटलं, तेवढ्यानं मला आणखी वाईट वाटलं. दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच सांगा त्यांना काहीतरी. चाकू हातात धरत नाहीत. दाढी करायची सोडली, वस्तरा धरायची भीती वाटते म्हणतात. काल गळकी तोटी बसवायची होती, शेजाऱ्याला बोलावलं. ह्या घरातली खुर्ची न् खुर्ची त्यांनी केलेली आहे हो."

मास्तर खिडकीशी बसले होते. गालांवर पांढरे खुंट वाढलेले. मला बघून हसले. "काय पाचनंबर, यंत्राचे फर्मे कसे आहेत?"

मी बसले आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. पाळी म्हटलं, टाच म्हटलं, डॉक्टरीणबाई, मापपट्टी, जेवणाच्या सुट्टीत दार लोटलं ते, सोमवारी पक्कं म्हटलं ते. ऑफिसात गप्प बसले ते. म्हटलं, "मास्तर, तुमचा पहिला नमुना बरोबर होता. तुमचा हात कधीच चुकला नाही. मी चोर आहे. मला शिव्या द्या."

शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घरी घेऊन गेले असते, जपून ठेवल्या असत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मास्तरीणबाई दाराला टेकून ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"चांगली आहेस तू," मास्तर म्हणाले. "पण माझी समजूत काढायला एवढं रचायची गरज नव्हती."

"रचलं नाही मी."

"सव्वीस वर्षं मी तुझ्या पावलावर काम केलं. मला सांगतेस ते वाढलं म्हणून?" ते शांतपणे बोलत होते, म्हाताऱ्या माणसाला आजार सांगून टाकल्यावर तो बोलतो तसं. "ह्या महिन्यात तू तिसरी. आधी कारखान्यातले दोघं जण येऊन गेले, एक म्हणाला कातडंच खराब होतं, एक म्हणाला साचा कापणाऱ्यानं घोळ केला. सगळ्यांना वाईट वाटतंय माझ्याबद्दल. मला कळतं."

माझं डोकं फिरलं. मी बूट काढला, मोजा काढला आणि पाय सरळ त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवला. भेगा, कोरडी कातडी, बसलेली कमान, सगळं उजेडात. परक्या पुरुषासमोर असा पाय मी जन्मात ठेवला नव्हता. इतक्या वर्षांत मास्तरांनी बुटाला हात लावला होता, माझ्या पायाला कधीच नाही. "बघा," मी म्हटलं. "हातानं बघा. पट्टी नको, काही नको. हात लावा आणि सांगा."

ते लावेनात. मास्तरीणबाई म्हणाल्या, "लावा हो."

मास्तरांनी हात पुढं केला. त्यांनी टाच तळव्यात घेतली, अंगठा पावलाच्या आतल्या बाजूनं पुढं नेला, जिथं कमान होती आणि आता नव्हती तिथून, चवड्यापर्यंत, मग अंगठ्याच्या टोकापर्यंत. डोळे मिटले होते. पुन्हा मागं आले. पुन्हा पुढं गेले. आता कळेल, मी मनात म्हणत होते, आता कळेलच, आंधळ्यालासुद्धा कळेल.

त्यांनी डोळे उघडले.

"पाच," ते म्हणाले. "तसूभरही फरक नाही."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. वाटलं, मला सोडवायला खोटं बोलतायत. पण खोटं बोलणाऱ्याचा चेहरा कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे, रोज सकाळी आरशात बघते. हा तो चेहरा नव्हता. मास्तर मनापासून सांगत होते. त्यांच्या हाताला आता खरंच कळत नव्हतं.